तेल प्यायलेला बाक

सासूबाई त्या बाकावरून उठायला तयार नव्हत्या, आणि मुकादमांच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

बाक होता त्यांच्या साडूच्या अंगणात. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली मुकादमांच्या पदरी पडली आणि धाकटी या शिंप्याच्या. सासूबाई धाकटीकडे राहत. साडूचा धंदा शिवणकामाचा, जन्म गेला कोटाला अस्तर लावण्यात, आणि आता डोळे थकल्यावर दुकान बंद करून या गृहस्थाला लाकूडकामाची हौस आली होती. बरं, हौस करायची तर एखादं स्टूल करावं, खुंटाळं करावं. यानं नेमका रेल्वेच्या रुळाखालचा जुना लाकडी स्लीपर आणला होता.

इथेच खरं दुखणं होतं. मुकादम बत्तीस वर्षं रेल्वेच्या गँगवर होते. रुळाखालचे कुजके स्लीपर काढायचे, चांगले घालायचे, जे दुरुस्त होण्यासारखे असतील ते दुरुस्त करायचे, हेच त्यांचं आयुष्य. हातोड्याचा एक ठोका मारून, नुसत्या आवाजावरून स्लीपर पास की बाद हे ते सांगत, आणि त्यावर साहेबसुद्धा पुन्हा तोंड उघडत नसे. त्या माणसासमोर एका शिंप्याने स्लीपरचा बाक करून ठेवावा म्हणजे काय!

आणि केला होता तो असा, की दोष काढायला बोट ठेवावं तर बोट घसरत होतं. खिळ्यांची जुनी भोकं त्यानं फिकट लाकडाच्या गोल चकत्यांनी बुजवली होती, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, कोटाला बटणं लावावीत तशी. लाकडाला गेलेल्या फटींमध्ये बारीक चिपा बसवून त्या इतक्या घासल्या होत्या की रफू कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

“काय गुळगुळीत केलाय हो,” सासूबाई हात फिरवत म्हणाल्या. “नुसतं बसून राहावंसं वाटतं. कामाचा निघाला हो हा जावई.”

मुकादमांच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थांबला. ‘कामाचा जावई’ हे त्यांचं पद होतं. सासूबाईंचं छप्पर गळलं तेव्हा वर कोण चढलं? लोखंडी कपाट जिन्यात अडकलं तेव्हा खांदा कुणी दिला? अठ्ठावीस वर्षं त्या घरात मुकादम ‘कामाचा जावई’ होते आणि शिंपी ‘गुणी जावई’. गुणी म्हणजे ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नसतं तो.

“भोकं अशी बुजवत नाहीत,” मुकादम म्हणाले. “खुंटी चौकोनी लागते. गरम तेलात बुडवून मारायची असते.”

“असेल दादा,” शिंपी नम्रपणे म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं? मी आपली बटणं लावली.”

हा नम्रपणा तर मुकादमांना मुळीच सहन झाला नाही.

घरी येताना बायको सहज म्हणाली, “छान जमलाय नाही बाक? तुम्ही जन्मभर स्लीपरच उचललेत, पण आपल्या घरात काही त्याचा पाय ठेवायला चौरंगसुद्धा झाला नाही.”

घरी पोचताच मुकादमांनी माळ्यावरून हातोडा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते जुन्या स्लीपरांच्या आवारात हजर झाले. तिथला पहारेकरी त्यांच्या ओळखीचा होता.

“तो शिंपी कुठला घेऊन गेला रे?” त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

“तो? तो त्या पत्र्याशेजारी पडला होता, आठ-दहा वर्षं. ऊन खाऊन खाऊन पार खडखडीत झालेला. तेलाचा थेंब उरला नव्हता त्यात. मी म्हटलं, आजोबा, हा बाद झालाय. तर म्हणे, मला असाच हवाय.”

मुकादम इतके मनापासून हसले की पहारेकऱ्यालाही हसावं लागलं. तेल नसलेला स्लीपर! शेवटी शिंपीच तो. स्लीपरला वाळवी लागू नये, पावसाने तो कुजू नये म्हणून त्याला ते काळं, डांबरासारखं तेल पाजलेलं असतं. जो जास्त प्याला तो जास्त टिकला. गँगवर शेंबड्या नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात. मुकादम ढिगाऱ्यावरून ठोके मारत फिरले आणि त्यांनी असे दोन स्लीपर निवडले की ज्यांचा आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमला. काळेकुळकुळीत, भरीव, तेलाने तुडुंब. एकेक नव्वद किलोचा.

नव्वद किलो म्हणजे काय, हे थोरलीला दुपारी कळलं. मुकादमांच्या जुन्या गँगमधले चौघे निवृत्त गडी लोखंडी चिमटे घेऊन आले, आणि “हय्या! अजून थोडं! हय्या!” असं ओरडत त्यांनी पहिला स्लीपर फाटकापर्यंत आणला. फाटकातून तो वळेना. तेव्हा फाटक बिजागऱ्यांसकट उतरवलं. पुढे कपडे वाळत घालायची तार आडवी आली, ती सोडली. तिच्या पुढे थोरलीच्या फुलझाडांचा वाफा होता.

“अहो, माझी झाडं!”

“झाडं पुन्हा लागतील. लेव्हल पुन्हा मिळत नाही,” मुकादम म्हणाले.

कारण बाक नुसता जमिनीवर ठेवायला ते शिंपी नव्हते. स्लीपर खडीवर बसतो. म्हणून वाफ्यात खडी पडली, ती ठोकून बसवली, दोरी लावून पातळी पाहिली. तिसऱ्या एका स्लीपरचे तुकडे पाडून त्यांचे पाय केले आणि त्यांवर हे दोन अखंड स्लीपर शेजारी शेजारी ठेवले. खिळा एकही मारला नाही. नव्वद किलोला खिळा कशाला?

मग दुरुस्ती सुरू झाली. ती मात्र बघण्यासारखी होती, हे कबूल केलं पाहिजे. जुनी भोकं साफ करून त्यांत चौकोनी खुंट्या गेल्या, गरम तेलात बुडवून. टोकं चिरत होती तिथे लोखंडी पट्टी आवळून बसली. हातात काम असलं की मुकादमांचा चेहरा वयापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसे, आणि चौघे गडी कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत राहिले. शेवटी मुकादमांनी बादलीभर तेल गरम केलं आणि सबंध बाकाला वरून दोन हात दिले.

“अजून तेल?” थोरलीने नाकाला पदर लावला. “अहो, यावर बसायचंय ना?”

“पाजावं लागतं,” मुकादम म्हणाले. “निदान सावलीत तरी ठेवायचा, असं म्हणू नकोस आता. स्लीपर काय सावलीत असतात?”

चार दिवसांनी, सकाळी सहाला, गार हवेत त्यांनी स्वतः बसून चाचणी घेतली. बाक कोरडाठणठणीत. जुन्या पँटला डागसुद्धा नाही. मग त्यांनी सगळ्यांना रविवारी अकरा वाजता बोलावणं धाडलं. शिंप्याला मुद्दाम दोनदा सांगितलं.

रविवारी सासूबाई नवा, फिकट बदामी पोशाख घालून आल्या. शिंप्याने बऱ्याच दिवसांनी मशीन उघडून तो खास त्यांच्यासाठी शिवला होता. ऊन चांगलं तापलं होतं. सासूबाई मधोमध बसल्या, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, पलीकडे दोन गडी, आणि टोकाला शिंपी. मुकादम स्वतः उभे राहिले. आपला बाक भरलेला त्यांना समोरून बघायचा होता.

“सहा माणसं!” ते म्हणाले. “आणि अजून दोघांची जागा आहे. शिंपी, तुझ्या बाकावर किती बसतात रे?”

“तीन, दादा. चौथा बसला तर टेकतो कसाबसा.”

“हं,” मुकादम म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांना मोकळा श्वास आला.

पहिली दहा मिनिटं गप्पांत गेली. मग सासूबाईंनी किंचित पुढे झुकून उठल्यासारखं केलं आणि त्या पुन्हा मागे बसल्या.

“बसा, आई, बसा. घाई काय आहे?” मुकादम म्हणाले.

“बसलेयच,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा विचित्र आला.

थोरलीनेही एकदा हालचाल केली आणि ती थबकली. तिने हळूच मांडीखाली हात नेला, बोटांकडे पाहिलं आणि हात पोटाशी धरला. “अहो,” ती म्हणाली, “चहा तुम्हीच आणता का?”

अठ्ठावीस वर्षांत हे घडलं नव्हतं. मुकादमांना भरून आलं. बाक सोडवत नाही तिला! त्यांनी स्वतः चहा केला, बिस्किटं मांडली, हातात कप दिले. आत फोन वाजत राहिला, कुणी उठलं नाही. एका गड्याची बायको फाटकाबाहेरून हाका मारून गेली, “येतो, येतो” म्हणाला, पण तो जागचा हलला नाही. पाऊण तास झाला, तास झाला. सहाच्या सहा माणसं ताठ बसून होती, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे न बघता समोर पाहत होता. झालं असं होतं, की प्रत्येकाला वाटत होतं चिकटलोय तो मी एकटाच, आणि चारचौघांत हे सांगावं कसं?

मुकादमांना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना फक्त शिंपी दिसत होता.

“शिंपी, खरं सांग,” ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “तुझ्या बाकावर माणसं अशी तासभर बसतात?”

“नाही दादा,” शिंपी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “अशी कुणीच बसत नाहीत.”

“ऐकलंत, आई?”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

“दादा,” शिंपी हळू आवाजात म्हणाला, “माझ्या सायकलीला पिशवी आहे. तीत मोठी कात्री आहे. जरा देता का?”

“कात्री? ती कशाला?”

“उठायचंय.”

मुकादमांना क्षणभर वाटलं, याला आपला बाक कापायचाय. हेवा माणसाला कुठल्या थराला नेतो! मग त्यांनी बाकाच्या कडेकडे पाहिलं. उन्हाने तापलेल्या लाकडातून तेल वर आलं होतं. काळे, जाड थेंब ओळीने कडेवर जमले होते. एक थेंब त्यांच्या देखत सासूबाईंच्या बदामी पोशाखाच्या काठावर उतरला.

कोंडी फुटल्यावर मग सगळे एकदम बोलू लागले. “मी पण!” “अगं, तू पण?” “मला वाटलं मीच!” एक गडी जोर करून उठला आणि त्याच्या पँटचा मागचा भाग बाकाने ठेवून घेतला. तो तसाच पुन्हा खाली बसला.

“चादरी आणा, दादा,” शिंपी म्हणाला. “असतील तेवढ्या.”

मुकादम धावत आत गेले. शिंप्याने आधी स्वतःला कापून काढलं, कमरेला चादर गुंडाळली आणि मग एकेकाच्या मागे गुडघ्यावर बसून कामाला लागला. काय हात होता त्या माणसाचा! कुणाला ओरखडा नाही, कुठे वेडावाकडा काप नाही. सासूबाईंच्या मागे तो आला तेव्हा मात्र कात्री थांबली.

“दोन आठवडे शिवत होतो,” तो म्हणाला.

“काप रे बाबा,” सासूबाई म्हणाल्या. “मला घरी जायचंय.”

चादरीत गुंडाळलेल्या सासूबाई रिक्षात बसताना मागे वळल्या. “जावईबापू, बत्तीस वर्षं रेल्वेत होतात ना? बरं झालं, तिथे तुमच्या स्लीपरांवरून नुसत्या गाड्याच गेल्या. माणसं बसवायला सांगितली नाहीत कुणी.”

सगळे गेल्यावर मुकादम खडीवर बसले. समोर बाक होता, आणि त्यावर सहा रंगांचे सहा तुकडे चिकटले होते. त्यांना राग कुणाचाच आला नाही, शिंप्याचासुद्धा नाही, आणि तेच जास्त लागत होतं. त्या खडखडीत, बाद झालेल्या स्लीपरमधून तेल येणार नाही एवढं एका शिंप्याला कळलं, आणि आपल्याला कळलं नाही. कळत होतं ते जास्त होतं, म्हणून कळलं नाही. मनात आलं, की त्याची ती आठ बटणं आपल्याला आवडली होती. पहिल्याच दिवशी आवडली होती. तेवढं बोलून टाकलं असतं तर फुलझाडंही वाचली असती.

दुसऱ्या दिवशी चौघे गडी बाक उचलायला आले. एकाने सवयीने खुंट्यांवर अंगठा दाबून पाहिला, पट्टी ओढून पाहिली.

“मुकादम,” तो म्हणाला, “यात काही करायचं राहिलंच नाही. हा तर उचलून सरळ रुळाखाली घालावा.”

आणि ते खरं होतं. गोदामाकडे मालगाडी नेणारा एक फाटा अजून लाकडी स्लीपरांवरच चालत होता. त्यातले दोन स्लीपर खचले होते, आणि तिथली नवी गँग चांगलं लाकूड शोधून थकली होती. मुकादमांचे दोन्ही स्लीपर त्याच आठवड्यात तिथे बसले. नव्या साहेबाने ठोका मारला, आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली.

ही बातमी सासूबाईंपर्यंत पोचली. “माझ्या कापडावरून गाडी जाणार? मला बघायचंय,” त्या म्हणाल्या. तेव्हा सगळं कुटुंब फाट्याच्या कुंपणापाशी जाऊन उभं राहिलं. मालगाडी रांगत रांगत आली. रुळांच्या मधोमध बदामी तुकडा दिसत होता. एकेक डबा त्यावरून धडधडत गेला.

“किती डबे गेले?” सासूबाईंनी विचारलं.

“बावीस,” मुकादम म्हणाले.

“आणि हलला नाही?”

“केसभरही नाही.”

“कामाचा आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. स्लीपर की जावई ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मुकादमांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त शिंप्याकडे पाहिलं. शिंपी कुंपणाची तार धरून त्या रुळांकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. हा चेहरा मुकादमांच्या चांगला ओळखीचा होता. गेला महिनाभर दाढी करताना आरशात तो त्यांना रोज दिसत होता. त्या दिवशी ते दोन चपात्या जास्त जेवले.

चार दिवसांनी सकाळी दारात हातगाडी थांबली. गाडीवर स्लीपर, शेजारी घामाघूम शिंपी.

“दादा, हा पास करा.”

“काय?”

“तुमचे दोन चाललेत. माझा एक घालायला सांगा. तुमच्या शब्दाला तिथे मान आहे.” तो घाईघाईने बोलत होता. “सगळं तुमच्यासारखं केलंय. चौकोनी खुंट्या मारल्या. पट्टी लावली. तेल पाजलं, दोनदा.”

मुकादमांनी जवळ जाऊन पाहिलं. तो गुळगुळीत बाक आता काळा, चिकट ओंडका झाला होता. रफू तेलात बुडाले होते. बटणांच्या जागी आठ ओबडधोबड खुंट्या होत्या.

त्यांनी हातोडा उचलून ठोका मारला. ‘ढब्ब’ असा बसका आवाज आला. याच आवाजाची त्यांनी किती वाट पाहिली होती!

“बाद,” ते म्हणाले. मजा काही आली नाही. “बटणं कुठायत?”

“कुठली?”

“तुझी. लाकडाची. आठ.”

“फोडून काढावी लागली. टाकली कचऱ्यात.”

“टाकली?” मुकादमांचा आवाज चढला. “अरे, त्या बटणांपायी महिनाभर जळलो मी! झोप नव्हती मला! आणि तू ती कचऱ्यात टाकलीस?”

शिंपी त्यांच्याकडे बघतच राहिला. “तुम्ही? माझ्यावर?” तो गाडीच्या दांडीवर टेकला. “दादा, मी अठ्ठावीस वर्षं जळतोय. आईंचं छप्पर गळलं होतं ना, तेव्हापासून.”

मुकादमही त्याच्या शेजारी दांडीवर टेकले. मग त्यांना एक आठवलं. “म्हणजे तुझाही बाक मोडला, माझाही गेला. मग आई बसतात कशावर?”

शिंप्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. दोघे तडक त्याच्या घरी गेले. वाटेत ठरलंसुद्धा: लाकूड शिंपी निवडणार, उचलणार मुकादम, खाली खडी नाही, तेल नाही, आणि बटणं आठच्या जागी बारा.

सासूबाई अंगणात प्लॅस्टिकच्या निळ्या खुर्चीवर पाय पसरून बसल्या होत्या.

“आई, आम्ही दोघं मिळून तुम्हाला नवा बाक करतोय,” मुकादम म्हणाले.

“नको, नको,” सासूबाई दचकून म्हणाल्या. “ही बरी आहे. एका हाताने उचलते. ऊन आलं की मी आपली सरकते. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला, अर्ध्या तासात तो मुलगा स्वतः आणून ठेवून गेला. पुसूनसुद्धा दिली.” त्यांनी खुर्चीच्या हातावर थोपटलं. “इतका कामाचा माणूस! वेळेवर भेटला असता तर एक मुलगी त्यालाच दिली असती.”

“कुठली?” दोघांनी एकदम विचारलं.

सासूबाई खुर्ची उचलून सावलीकडे निघाल्या होत्या.